रखमाबाईंचा नकार

मंडळात मुलांच्या लग्नाचा विषय निघाला की 'ठरवून की प्रेमविवाह' हा वाद हमखास रंगतो. इथे लंडनमध्ये वाढलेली आमची मुले म्हणतात, "आधी आम्हाला स्वतःची ओळख तर पटू दे!" आम्हा आईवडिलांना हे इकडचे वारे वाटते. पण हाच प्रश्न मुंबईच्या एका मराठी मुलीने एकशे चाळीस वर्षांपूर्वी थेट हायकोर्टात उभा केला होता.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्यांना वाचनाची गोडी लागली. १८८४ मध्ये दादाजींनी 'बायकोला नांदायला पाठवा' असा दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते : अजाण वयात, माझी संमती न घेता झालेले लग्न मला बांधून ठेवू शकत नाही.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी राहिले.

गंमत अशी, की धर्म बुडाला म्हणून ओरड झाली, पण असा दावा मुळात आपल्या शास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आला होता. आणि खुद्द इंग्लंडने त्यासाठीची तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती!

१८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी रखमाबाई लंडनला आल्या आणि स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर सुरत आणि राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे बायकामुलांवर उपचार केले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचा पांढरा वेष घेतला, असे चरित्रकार सांगतात. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. मग वाटले, ज्या बाईने कोर्टाच्या हुकमाला मान तुकवली नाही, तिने हा वेष तरी दुसऱ्याच्या सांगण्यावरून का घ्यावा? तोही तिचा स्वतःचाच निर्णय असेल.

प्रेमात माणसाने स्वतःला विसरावे, असे आपण ऐकत आलो. पण विसरायला आधी 'स्व' हवा ना? 'नाही' म्हणायची मुभा असेल तरच 'हो'ला किंमत येते. आपल्या मुलामुलींचे 'थांबा' ऐकताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.