बासन, रुमाल आणि चमकी कागद

अंकलेश्वराहून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना हमरस्ता सातपुड्याच्या पायथ्याशी ज्या अक्कलकुव्यातून जातो, त्या गावच्या बाजारात लग्नसराई लागली की चमकी कागदाच्या गुंडाळ्या टोपलीत उभ्या राहतात आणि फितींची तयार फुले दोरीवर लटकू लागतात. परंतु हा कागद या मुलखात फार उशिरा आला, आणि त्यापूर्वी भेटवस्तू झाकण्याची जी रीत होती तिच्यात व या कागदात मूलभूत अंतर आहे, ते असे की जुने वेष्टन देणाऱ्याकडे परत येत असे.

डोंगरातील भिल्ल-पावरा समाजात तर झाकण्याचीच आवड दिसत नाही. वरपक्षाने वधूपक्षास द्यावयाचे देज पंचांदेखत ठरते आणि पंचांदेखतच मोजले जाते. तेथे आवरण घालणे म्हणजे संशयास जागा करून देणे होय. होळीच्या आधी मोलगीसारख्या गावी भोंगऱ्या बाजार भरतो आणि मागाहून काठी या जुन्या मेवासी संस्थानाची राजवाडी होळी पहाटे पेटते. त्या दिवसांत साखरेचे जे हार-कंकण आप्तांना द्यावयाचे, ते दोऱ्यात ओवलेले असल्याने गळ्यात घातले की देणे संपले. वेष्टन म्हणून जे लागे ते पळसाचे किंवा सागाचे पान. पळसाच्या पानात बांधून केळीच्या सोपटाने आवळलेली फुलपुडी ज्यांनी हाती घेतली आहे, त्यांना पानातला गारवा फुलांहून आधी आठवेल. सागाचे पान रुंद खरे, पण कोवळे असताना चुरगळले तर हात तांबडे करते, म्हणून लग्नघरच्या वस्त्रांना ते वर्ज्यच.

मैदानावरील पांढरपेशा व व्यापारी घरांत मात्र वेष्टनाचा मान कापडाचा होता, आणि त्याची साक्ष आपली भाषाच देते. लग्नाच्या कापडखरेदीला आपण 'बस्ता बांधणे' म्हणतो, पण फारसीत बस्ता म्हणजेच बांधलेले. तेव्हा बांधलेले पुन्हा बांधण्याचा हा द्विरुक्तीचा दोष महाराष्ट्र शतकानुशतके आनंदाने करीत आला आहे. रुमाल हा शब्दशः तोंड पुसावयाचा, पण दरबारी व्यवहारात तो कागद बांधण्याच्या कामी लागला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद अशा रुमालांतच बांधलेले होते, आणि रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. सरकारातून सिरपाव निघावयाचा तो जामदारखान्यातून, वस्त्रांवर वस्त्र गुंडाळूनच. तिसरा शब्द बासन. पोथी, दागिना, ठेवणीतले लुगडे ज्यात आदराने जपले जाई त्याच बासनात हल्ली अहवाल आणि योजना गुंडाळल्या जातात, ही या शब्दाची झालेली विटंबना मला तरी सोसवत नाही.

कापडाचे बांधणे साधे दिसते, पण साधे नाही. चौकोनी कापडाच्या मध्यावर वस्तू तिरपी ठेवावी, समोरासमोरची दोन टोके आधी घडीत दडपावीत, उरलेली दोन वर आणून सुरगाठ मारावी. निरगाठ मारणाऱ्या सुनेला सासू हटकीत असे, कारण आहेर घेणाराला नखांनी झगडावे लागणे हा देणाऱ्याचा कमीपणा. दिवाळीच्या फराळाच्या ताटावर क्रोशाचा रुमाल पसरून ते शेजारी जाई, आणि परत येताना रुमाल घडी घातलेला असे व ताटात निदान चिमूटभर साखर असे. रिकामे ताट धाडण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती.

कागद खानदेशाला अनोळखी नव्हता. एरंडोल आणि यावल ही गावे हातबनावटीच्या जाड्याभरड्या कागदासाठी एके काळी प्रसिद्ध होती. पण तो कागद खतावण्यांसाठी, दस्तऐवजांसाठी. एवढ्या कष्टाची वस्तू फाडून टाकण्यासाठी कोण वापरणार? गिरणीचा कागद स्वस्त झाला आणि १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत ते अमळनेर हा पट्टा जोडला, तेव्हा कोठे माल आणि रद्दी या भागात सुलभ झाली, व वाण्याच्या पुडीचे राज्य सुरू झाले: कागदाचा शंकू, वरच्या कडेची दुमड, छताला टांगलेल्या रिळावरचा दोरा, आणि डिंकाचा थेंबही नाही.

भेटीसाठीच छापलेल्या कागदाची हकीकत दूरची आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९१७ च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातील पातळ कागद संपला, तेव्हा त्यांनी लिफाफ्यांच्या अस्तराचे फ्रेंच कागद विकावयास ठेवले, आणि तेच लोकांना आवडले. पुढे १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी आली आणि गाठीचे कौशल्य ओसरले. तरी नीटनेटकेपणाचा हिशेब उरलाच आहे. कागदाची लांबी पेटीच्या घेराहून दोन बोटे अधिक असावी, दोन्ही टोकांस तो पेटीच्या उंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त उरावा, आणि जोड तळाशी यावा. फार चकचकीत कागद घेऊ नये, घडी मोडताच त्यावर पांढरी रेघ उमटते.

मंगल कार्यालयातून घरी आलेल्या पेट्या उघडताना मात्र मुले कागद टरकावू लागली की एखादी आजी हात धरते, चिकटपट्टी नखाने अलगद सोडवते, कागद तळहाताने सपाट करते आणि गादीखाली घालते. जूनमध्ये तोच कागद, फुलांची छपाई थोडी वाकडी होऊन, नातवाच्या गणिताच्या वहीवर चढतो.