द्रम्म आणि दामदुपट

मराठवाड्यातील लासूर स्टेशनसारख्या बाजाराच्या गावी 'द्रम्म' म्हणजे काय, हे आज क्वचितच कोणी सांगू शकेल; 'घामाचे दाम' मात्र प्रत्येक शेतकऱ्यास कळतात. वस्तुतः दुसरा शब्द पहिल्यापासूनच निघालेला आहे. मूळ शब्द ग्रीकांचा. 'द्राख्मे' म्हणजे मूठभर. सहा ओबोल, म्हणजे सहा लोखंडी सळया, एका मुठीत मावत, म्हणून तेवढ्या मोलाच्या चांदीच्या नाण्यास ते नाव मिळाले. वायव्येकडील यवन राजांच्या अमदानीत तो शब्द भारतात आला व संस्कृतात 'द्रम्म', प्राकृतात 'दम्म' असा रुळला. 'दिरहम' हे त्याचेच भावंड. जुन्या दवाखान्यांतील औषधाच्या मापाचा 'ड्रॅम'ही त्याच कुळातला.

महाराष्ट्रात हे नाणे चांगलेच परिचित होते. कान्हेरीच्या नवव्या शतकातील शिलालेखांत विहारास दिलेल्या द्रम्मांची नोंद आढळते. लासूरहून उत्तरेस जाऊन कन्नडचा घाट उतरले की चाळीसगावनजीक पाटण लागते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापिला. त्याला मिळालेल्या शके ११२८ मधील दानाचा शिलालेख प्रसिद्धच आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (शके १०७२) कोष्टक दिले आहे : वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या झाल्या. आचार्यांना विनोदाचेही वावडे नव्हते. एका कृपणाने याचकास द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, असे भाग पाडीत पाडीत दान दिले. हिशेब पुरा केल्यावर याचकाच्या हाती पडते ती एकच कवडी!

पुढे हे नाव तांब्याच्या नाण्याकडे गेले. अकबराच्या एका रुपयास चाळीस दाम पडत. दामाचा आठवा भाग ती दमडी.

मात्र अर्थाची खरी उलथापालथ झाली ती 'दामदुपट' या शब्दात. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा स्मृतिग्रंथांतील दंडक. तो ऋणकोच्या रक्षणासाठी होता. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो याच नावाने मानला आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही ते तत्त्व आले. आज 'दामदुप्पट योजना' म्हटले की ठेवीदारास दाखविलेले आमिष तेवढे डोळ्यांपुढे येते. कोशकारांनी हे दोन अर्थ वेगळे नोंदविणे अगत्याचे आहे. एरवी जुने निवाडे वाचणारा विद्यार्थी दामदुपट हा सावकाराचाच हक्क समजून बसावयाचा.