अंतर तेच, वेळ निराळी : वऱ्हाडातील दोन शहरे आणि दोन धावपट्ट्या

१/ मुंबई ते अमरावती हे हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. रेल्वेने रात्रभराचा हा प्रवास १६ एप्रिल २०२५ पासून विमानाने सुमारे पावणेदोन तासांवर आला. अंतर भूगोल ठरवतो. वेळ मात्र कोण ठरवते? वऱ्हाडाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते. #थ्रेड

२/ रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १ लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याला पाठवल्याची नोंद आहे. अशा प्रवासाचा हिशेब महिन्यांत होई.

३/ १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे भुसावळमार्गे नागपूरला पोहोचली. अकोला थेट मुख्य मार्गावर आले. कापसाची मोठी पेठ असलेली अमरावती मात्र बाजूला राहिली. तिच्यासाठी मुख्य मार्गावरचे स्थानक ठरले बडनेरा. तेथून शहरापर्यंत पुढे फाटा टाकावा लागला.

४/ विमानयुगाचा आरंभही अकोल्याच्या बाजूने झाला. शिवणी येथील विमानतळ १९४३ चा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. अमरावतीचा बेलोरा विमानतळ त्यानंतर जवळपास अर्धशतकाने, १९९२ मध्ये उभा राहिला.

५/ दरम्यान, जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल करत आणि परतत. मुंबई-नागपूर हवाई वाट वऱ्हाडावरूनच जाते. पण थांबा नागपूरचा होता.

६/ पुढचा निर्णय धावपट्टीच्या लांबीने केला. बेलोऱ्याची धावपट्टी वाढवून १,८५० मीटर करण्यात आली आणि सुमारे ७० आसनांचे ए.टी.आर. विमान तेथे उतरू लागले. शिवणीची धावपट्टी सुमारे १,४०० मीटरच राहिली. तिच्या विस्ताराचा प्रश्न शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व खासगी जमिनीशी जोडला गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला.

७/ ए.टी.आर.चा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. मग ५४० किलोमीटरला पावणेदोन तास का? कारण धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे आणि उतरणे हा वेळ अंतर कमी असले तरी फारसा घटत नाही. अकोलेकराच्या हिशेबात बेलोऱ्यापर्यंतचा रस्ताही मिळवावा लागतो. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरच अंतर आहे; तरीही एकीकडे प्रवासी विमान उतरते, तर दुसरीकडे जुनी धावपट्टी विस्ताराची वाट पाहते.

८/ १८६७ मध्ये अमरावतीकराला गाडीसाठी बडनेऱ्याला जावे लागले. आज अकोलेकराला विमानासाठी बेलोऱ्याला जावे लागते. दीडशे वर्षांत गावांची जागा हलली नाही, थांब्यांची हलली. म्हणूनच थांबा कोठे द्यायचा हा निर्णय तांत्रिक वाटला, तरी कोणाचा वेळ वाचवायचा आणि कोणाला ताटकळत ठेवायचे, हेही तोच ठरवतो.