दहा मीटरवरचा ठिपका : नवोदित नेमबाजांसाठी प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात बंदूक म्हटलं की रान आठवतं. तुरीत घुसणारी रानडुकरं, मचाणावर रात्र जागून काढणारा शेतकरी, नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगावकडच्या जंगलात मारली गेलेली टी-१ वाघीण. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरणं हा छंद इथे अजून बऱ्याच जणांना परका आहे. तो जवळचा वाटावा म्हणून ही पुस्तिका.

जिल्ह्याबाहेरच्या मराठी माणसाला मात्र हा खेळ नवा नाही. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली ती पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेल्या ग. वा. मावळंकरांच्या पुढाकाराने, राष्ट्रीय स्पर्धेआधीची एक स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. नेमबाज अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी पुढच्या पिढीला वाट दाखवली. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत, २०२२ मध्ये कैरोला रुद्रांक्ष पाटील जगज्जेते झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणलं.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: परवडेल अशी बंदूक कोणती? अमेरिकेतले काही हौशी नेमबाज यासाठी पिस्तुलाची, बहुधा ९ मिमीची, गोळी चालवणारी कार्बाइन म्हणजे आखूड रायफल घेतात. गोळी तुलनेने स्वस्त, धक्का कमी, शिवाय खांद्याचा आधार. आपल्याकडे ९ मिमीची शस्त्रं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत आणि पॉइंट टू-टू रायफलीलाही परवाना लागतो. म्हणून सुरुवात करावी ती छर्र्याच्या बंदुकीने, म्हणजे एअर रायफलने. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेतला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला तरी ऊर्जा सात-आठ जूलच भरते. तेव्हा जास्त ताकदीच्या मागे लागणं व्यर्थ आहे.

हा प्रकार कमी दर्जाचा मुळीच नाही. दहा मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्र्याची कड ठिपक्याला लागली की दहा गुण. म्हणजे छर्र्याचं केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं. वणीच्या यात्रेत फुगे फोडणाऱ्याला हे अशक्य वाटेल. तिथल्या बंदुकीची नळी झिजलेली आणि साईट हललेली असते, त्यामुळे नेम चुकल्याचा दोष बहुतेकदा हाताचा नसतो.

माझ्या मते बंदुकीची खरी किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर कळत नाही. हवा कुठे भरणार, छर्रे कुठून आणणार, वॉशर फाटला तर कोण बदलणार, याचा हिशेब धरल्यावर ती कळते. स्पर्धेच्या परदेशी रायफली लाखांच्या घरात जातात. त्यांच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरावी लागते, त्यासाठी हातपंप किंवा कॉम्प्रेसर लागतो, आणि सिलिंडरला वापराची मुदत असते. स्प्रिंगच्या बंदुकीला यातलं काही लागत नाही. नळी मोडून दट्ट्या ताणायचा, छर्रा बसवायचा, बस. तिचा दोष एकच: छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक हलते. तिला आवळून धरलं तर छर्रा भलतीकडे जातो. सैल पण दर वेळी अगदी सारखी पकड ठेवायला ती शिकवते, म्हणून पहिल्या वर्षासाठी मी तिचीच शिफारस करेन.

निवडताना दस्ता खांद्याला लावून पाहा. मान न ताणता डोळा साईटमागे आला पाहिजे आणि बोट चापावर सहज पोचलं पाहिजे. मग वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच डब्यातले चपट्या तोंडाचे पाच छर्रे दहा मीटरवरून झाडा. ते जुन्या एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले तर बंदूक घ्यायला हरकत नाही. ते वर्तुळाच्या मध्यभागी पडले नाहीत तरी चालेल, कारण साईट फिरवून नेम जुळवता येतो.

सरावाला हंगाम संपल्यावर रिकामी पडलेली जिनिंगची शेड किंवा शाळेचं सभागृहही चालतं. मागे छर्रा अडवणारी पेटी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा आणि दार बंद हवं. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा जेवणाआधी हात साबणाने धुवा. पाखरं, कुत्री, माकडं यांच्यावर ही बंदूक कधीही रोखू नका. रानातल्या जिवांसाठी १९७२ चा वन्यजीव कायदा तर आहेच, पण असं करणाऱ्याला आम्ही नेमबाज मानत नाही.

पहिल्या प्रकरणात उभं राहण्याची पद्धत आहे. ते वाचताना बंदूक हातात नसली तरी चालेल. आरशासमोर उभे राहा, पाय रोवा, आणि श्वास सोडताना खांदा किती हलतो ते आधी पाहा.