प्रश्नमंजूषेचा प्रेक्षक

खेळांचा इतिहास लिहिणारे खेळाडूंची नावे देतात. जो पाहत बसला त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. आज आम्ही त्या पाहणाराविषयी बोलणार आहोत. ‘कौन बनेगा करोडपती’ या खेळाचे आम्ही पहिल्या रात्रीपासूनचे निष्ठावंत प्रेक्षक आहोत, आणि कामगार चळवळीतल्या माणसाने हे सांगायला लाजावे असे आम्हांस वाटत नाही.

हा खेळ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. पंढरपुरात तेव्हा आषाढी तोंडावर आली होती. मूळ खेळ इंग्लंडातला, १९९८ सालचा. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, मदतीचे तीन मार्ग आणि शेवटी एक कोटी रुपये, हा साचा तिकडून आला. परंतु चारचौघांत सवाल टाकून समोरच्याचे पाणी जोखणे आपणांस इंग्लंडाने शिकवलेले नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर भेदिक सवाल टाकीत आणि मंडळी जबाब ऐकायला रात्र रात्र बसत. फरक एवढाच की, त्या फडात सवाल टाकणारासुद्धा हरू शकत असे. करोडपतीच्या खेळात विचारणारा कधीच हरत नाही.

आमची शाळा सातवीत सुटली. हमाल-मापाड्यांच्या कचेरीत एक जुना संच होता. दिवसभर पोती वाहिलेली मंडळी रात्री नऊला त्याच्यासमोर बसत. वर्गणीच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही प्रश्न उतरून घेत असू आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन उत्तरे पडताळीत असू. देशांच्या राजधान्या, नद्यांचे उगम, घटनेतली कलमे, हे आमचे पुष्कळसे शिक्षण त्या वहीत झाले. एका वृद्ध हमालाला सही येत नव्हती. पण महाभारतावरचा प्रश्न आला की पर्याय वाचून होण्याआधी तो उत्तर देई. जन्मभर ऐकलेली कीर्तने त्याच्या कामी येत. रक्कम लाखांत गेली की मात्र त्याचा सल्ला ठरलेला असे, “बास झालं, घे आन् ऊठ!”

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या तरुणाने पहिला कोटी जिंकला. तो सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होता. आमच्या कचेरीत जणू आमचाच उमेदवार निवडून आला होता.

आता ही भक्ती किती नाजूक असते ते पाहा. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत असल्या खेळांचे वेड लागले होते. ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या खेळात चार्ल्स व्हॅन डोरेन हा विद्यापीठातला अध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे कबूल केले की, प्रश्न-उत्तरे आपणांस आधीच मिळत होती. पुढच्याच वर्षी तिकडे असल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला. म्हणजे घरी बसून पाहणारालाही काही हक्क आहे, हे एका देशाने कायद्यात लिहिले.

आपल्याकडे वाद झाला तो उत्तरांचा नव्हे, पैशाचा. २००७ साली, शाहरुख खान सूत्रधार असताना, घरच्या प्रेक्षकांसाठी वेगळा प्रश्न असे. उत्तर भ्रमणध्वनीवरून संदेशाने पाठवायचे. बरोबर उत्तरांतून एकाची निवड होऊन त्याला दोन लाख मिळत. एका संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षीस या संदेशांच्या आकारातूनच निघते आणि प्रेक्षकाला मात्र भाग घेणे फुकट वाटते, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेली. आयोगाने २००८ मध्ये ती उचलून धरली आणि एक कोटीचा दंड बसवला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये पुराव्याअभावी तो निर्णय रद्द केला. कायद्याने प्रकरण मिटले. परंतु वर्गणी गोळा करणाराची एक खोड असते. पैसा कोणाच्या खिशातून आला हे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

पुढे खेळ मराठीत आला. २०१३ साली सचिन खेडेकर सूत्रधार होते. २०१९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे.

त्याच २०१९ च्या सप्टेंबरात हिंदी खेळात बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या या बाई शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत. महिना १,५०० रुपये. आम्ही तिथल्या तिथे हिशेब मांडला. कर बाजूला ठेवला, तरी त्या कमाईने एक कोटी जमायला ५५५ वर्षे लागली असती. म्हणजे नाथमहाराज जन्मले त्याच्याही आधी बाईंनी पातेले चुलीवर चढवायला हवे होते! सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, म्हणून ते पातेले चढले. पण शिजवणारणीला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. शब्द मोठा मानाचा आहे, आणि तो वापरला की किमान वेतनाचा प्रश्नच निघत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दोघी बाया आमच्या कचेरीत आल्या. तो भाग त्यांनी पाहिला होता. खेळात जायला नाव कसे नोंदवतात हे विचारायला आल्या असतील असे आम्हांस वाटले. त्यांना मानधन वाढवून मागण्याचा अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा हे हवे होते.