कामगार कोणास म्हणावे?

'कामगारवर्ग' हा शब्द आम्ही सभांतून इतका वापरतो की, तो वर्ग गिरणीबरोबरच जन्मास आला असावा असे ऐकणारास वाटावे. तसे घडलेले नाही. मुंबईची पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. कोकणातून नि घाटावरून माणसे आली ती गाव आणि जात धरून, मुकादमाच्या ओळखीने. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. ती मागणी कोणा एका जातीची नव्हती. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, आणि शहराला गिरणीवाला दिसू लागला.

पण साचेखात्याचे काय? तेथे मजुरी अधिक. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. उष्ट्या धोट्याचा विटाळ होतो म्हणून अस्पृश्य कामगारास त्या खात्यात जागा नसे. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला. लाल बावट्याखाली एकत्र उभे राहणाऱ्यांना एका धोट्याला तोंड लावता येत नव्हते! (वर्गाची व्याख्या सांगणाऱ्या पोथ्यांत हा धोटा आम्हांस कोठे सापडला नाही.)

1982 च्या संपात सुमारे अडीच लाख माणसे उतरली. पुढे गिरण्या गेल्या, मनोरे उठले. आज त्याच रस्त्यांवर मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचविणारा तरुण हिंडतो. कंपनी त्याला 'भागीदार' म्हणते. कामगारांच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही.