नकाराचा उपसर्ग आणि त्याचा चकवा

सुरतेच्या दक्षिणेस सचिन हे गाव आहे. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळू मियां यास जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात पेशव्यांकडून येथील मुलूख मिळाला आणि सचिनची नबाबी सुरू झाली. १९४८ साली ती विलीन झाली. आज सचिनची ओळख आहे ती तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. खानदेशातून सुरतेत येऊन स्थिरावलेली हजारो मराठी कुटुंबे या भागातील गिरण्या-कारखान्यांवर पोट भरतात. या वसाहतीच्या रस्त्यांवरून रसायनांचे टँकर ये-जा करतात आणि त्यांतील कित्येकांवर ‘इनफ्लॅमेबल’ हा इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत रंगविलेला असतो.

शाळेत इंग्रजी शिकलेला कामगार हा शब्द कसा वाचील? ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे, ‘इनव्हिजिबल’ म्हणजे अदृश्य. या नियमाने ‘इनफ्लॅमेबल’ म्हणजे न पेटणारे! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तो शब्द ‘चटकन पेट घेणारे’ असे सांगतो.

या घोटाळ्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘इन’ दोन आहेत. एक नकार दर्शवितो. दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ असा अर्थ देतो. ‘इनफ्लामारे’ या लॅटिन क्रियापदातील ‘इन’ हा दुसरा. इंग्रजीत दोन्ही एकाच वेषात आले. नकाराचा ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूपही पालटतो: ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’. इंग्रजीचा स्वतःचा ‘अन्’, लॅटिनचा ‘इन’, ग्रीकांचा ‘अ’ आणि संस्कृतातील ‘अ-अन्’ हे सारे एकाच प्राचीन मुळाचे फाटे होत. म्हणूनच ‘अज्ञात’ आणि ‘अन्‌नोन’ ही रूपे एकमेकांची भावंडे वाटतात, आणि ती आहेतही.

मराठीचे भांडार याहून संमिश्र आहे. संस्कृत ‘अ’ व्यंजनापूर्वी येतो, ‘अन्’ स्वरापूर्वी: असत्य, अनादर. फार्सी-अरबीने ‘ना’, ‘बे’ आणि ‘गैर’ दिले: नापसंत, बेकायदा, गैरहजर. मराठीने ते नुसते उसने घेतले नाहीत. ‘भान’ या संस्कृत शब्दास फार्सी ‘बे’ जोडून ‘बेभान’ केला आणि ‘समज’ला ‘गैर’ लावून ‘गैरसमज’ घडविला. अशा घडणीचे नियम लावण्याचा आरंभीचा मोठा यत्न दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. पुढे हेच दादोबा सुरतेत इंग्रजी शाळेवर होते आणि १८४४ साली तेथे मानवधर्म सभेच्या स्थापनेत अग्रभागी होते. व्याकरणकार आणि सुधारक हे दोन्ही धर्म एका पुरुषाने सुरतेत पाळले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजीसारखा चकवा मराठीतही आहे. ‘अनुचित’ म्हणजे अन् अधिक उचित. पण ‘अनुकूल’ मध्ये नकार नाही, तेथे ‘अनु’ हा निराळाच उपसर्ग आहे. ‘अनुपम’ मध्ये नकार आहे, ‘अनुरूप’ मध्ये नाही. फरक इतकाच, की या शब्दांत चूक झाली तर परीक्षेतील गुण जातात. टँकरावरच्या शब्दात चूक झाली तर जीव जातो.

हा धोका इंग्रजीभाषकांनीच ओळखला. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या संस्थांनी १९२० च्या दशकापासून ‘इन’ गाळून ‘फ्लॅमेबल’ हा शब्द पुढे केला आणि १९५९ साली ब्रिटिश मानक संस्थेनेही त्याचाच पुरस्कार केला. भारतात मात्र १९५२ च्या कायद्याच्या नावातच ‘इनफ्लॅमेबल’ बसला आणि टँकरांवर तो अजून आढळतो.

२०२२ च्या जानेवारीत सचिनच्या वसाहतीत नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या विषारी वायूने कामगारांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचे कारण शब्द नव्हता. परंतु जेथे रसायनाशी रोजचा संबंध, तेथे ते काय आहे हे कामगाराला त्याच्या भाषेत कळणे किती निकडीचे आहे, हे तिने दाखवून दिले. मराठीत ‘ज्वालाग्राही’ हा शब्द तयार आहे. ज्वाला ग्रहण करणारे ते ज्वालाग्राही. त्यात उपसर्गाचा डाव नाही. तो टँकरावर, पिंपावर आणि कोठाराच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिला, तर व्याकरणाचा एक धडा कामगाराच्या रक्षणास उपयोगी पडेल.